चाकू समोर आला तर: सरावाचा क्रम कसा लावायचा

रविवारी सकाळी तालमीत नवीन कोणी आलं की पहिली मागणी ठरलेली असते: "चाकू हातातून काढायचा कसा, तेवढं दाखवा." मागणारा कॉलेजचा मुलगा असतो, आमच्या बेळगावच्या शहापुरातला दुकानदार असतो, कधी उद्यमबागेत शेवटच्या पाळीला काम करून घरी जाणारी ताई असते. सगळ्यांनी मोबाईलवर एकच गोष्ट पाहिलेली असते. समोरचा एक वार करतो, हात हवेत तसाच ठेवतो आणि शिकवणारा मनगट पिरगाळून सुरी काढून घेतो. चार आठवडे तेच घोटून आपण तयार झालो असं समजणारी माणसं मी इतकी पाहिली आहेत, की आता क्रमच लिहून काढतो.

आधी बघणं, मग अंतर राखणं, मग मागितलेली वस्तू देऊन मोकळं होणं, मग आडोसा आणि पळ. यातलं काहीच जमलं नाही तर पकड. त्यानंतर रक्त थांबवणं, आणि शेवटी पोलीस. चाकू हिसकावण्याचा वेगळा टप्पा मी मुद्दाम ठेवलेला नाही. झटापटीत तो सुटून पडला तर पडला, त्याच्यामागे लागायचं नाही.

सरावाआधीची तयारी

जागा. सुरुवात लाल मातीच्या हौद्यात किंवा गादीवर करा, पडण्याची भीती जाते. पण तिसऱ्या आठवड्यानंतर तिथून बाहेर पडा. प्रसंग येतो तो जिन्यात, लावलेल्या गाड्यांच्या मधल्या अरुंद जागेत, पायात चप्पल आणि खांद्यावर पिशवी असताना. म्हणून रोजच्याच कपड्यांत या. साडी नेसणाऱ्यांनी साडीत, ओढणी घेणाऱ्यांनी ओढणीसकट सराव करावा. ट्रॅकपँटमध्ये पळायला शिकलेलं साडीत कामाला येत नाही.

साहित्य. रबराची किंवा मऊ प्लास्टिकची सरावाची सुरी घ्या आणि तिच्या मुठीला भगवी किंवा पिवळी चिकटपट्टी गुंडाळा. जुने पांढरे बनियन आणि लाल रंगाचे जाड स्केचपेन आणा. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे पारदर्शक सुरक्षा चष्मे हवेतच, फाउंड्रीत काम करणाऱ्यांच्या घरात ते असतातच. एक जाड टॉवेल, चार-पाच सुती पंचे आणि एक लाटणं रक्ताच्या टप्प्यासाठी लागेल.

माणसं. कमीत कमी तीन: एक करणारा, एक हल्ला करणारा, एक फक्त बघणारा. बघणाऱ्याचं काम सर्वांत मोठं. त्याने "थांब" म्हटलं की दोघांनी जागच्या जागी थांबायचं, "एकदाच करू दे" चालत नाही. हा माणूस कुस्ती किंवा दुसरी कुठली झुंज अनेक वर्षं शिकवलेला जाणता असावा. टप्पा 5 तर त्याच्याशिवाय करूच नका.

वेळ. आठ रविवार, दर रविवारी दीड तास. पहिले तीन रविवार टप्पा 1 ते 3 ला, चौथा टप्पा 4 ला, पाचवा-सहावा पकडीला, सातवा रक्ताला, आठव्याला सगळं सलग. पहिल्या तीन रविवारी लोक कंटाळतात. "नुसतं चालायला आणि बोलायला शिकवतात" म्हणून सोडून जाणारेही असतात. तरी हा क्रम बदलू नका.

इशारा: सरावाच्या जागी खरी सुरी, ब्लेड, कटर काहीही नको. पिशव्या दाराशीच ठेवा. दर वेळी सरावाची सुरी दोघांनी अंगठा फिरवून तपासायची. एकदा आमच्याकडे एका मुलाच्या पिशवीतून फळं कापायची सुरी खाली पडली आणि दुसऱ्याने ती सरावाची समजून उचलली. दोन सेकंदांत लक्षात आलं म्हणून निभावलं. मुठीला रंगीत पट्टी तेव्हापासून आली.

टप्पा 1: हात बघा

चेहरा बघून माणूस ओळखता येतो हा भ्रम सोडा. इजा हाताने होते, म्हणून नजर हातांवर हवी. जवळ येणाऱ्याचे दोन्ही हात दिसतात का? एक हात मांडीच्या मागे, जॅकेटच्या आत किंवा पाठीमागे लपलेला आहे का? चालताना एक हात हलतो आणि दुसरा शरीराला चिकटून राहतो, ही खूण मी पहिल्या दिवशीच शिकवतो.

दुसरी खूण जागेची. आजूबाजूला भरपूर रस्ता असताना कोणी नेमका तुमच्या अंगावरून जाणारी वाट धरतो. तिसरी, बोलण्याआधी तो डावी-उजवीकडे पाहून घेतो. चौथी, दुचाकीवर दोघं असतात, पत्ता विचारतात, पण मागचा उतरून तुमच्या बाजूला सरकतो. यातली एक खूण दिसली म्हणून कोणी चोर ठरत नाही. दोन एकदम दिसल्या तर अंतर वाढवायचं, एवढंच.

आपल्याकडच्या जागाही ओळखा. पुण्या-बेंगळुरूहून येणाऱ्या रात्रीच्या गाड्या पहाटे उजाडायच्या आधी सोडतात, आणि बॅग घेतलेला माणूस झोपेतच रिक्षा शोधत उभा असतो. टिळकवाडीतलं रेल्वे गेट पडलं की दुचाकीवर बसलेली बाई दोन्ही बाजूंनी अडकते आणि गळ्यातलं उघडं राहतं. पहाटे फिरायला जाणारे रिकाम्या रस्त्याच्या कडेने, कानात गाणी लावून चालतात. गणपत गल्लीच्या गर्दीत चोरी होते, पण सुरीचा धाक गर्दीतून बाहेर पडल्यावरच्या शांत बोळात दाखवला जातो. गर्दी संपते तिथे डोळे उघडे हवेत.

सराव असा:

1. घर ते काम हा रस्ता एकदा चालत जा. कुठे कुठे शिरता येईल, म्हणजे उघडं दुकान, औषधांचं दुकान, रिक्षा स्टँड, देऊळ, ओळखीचं घर, अशा पाच जागा लिहून ठेवा.
2. रात्री दहानंतर त्यातल्या किती उघड्या असतात ते पाहा. बहुतेकांची यादी इथे निम्मी होते.
3. तालमीत चार जणांनी वेगवेगळ्या दिशांनी तुमच्याकडे चालत यायचं. एकाच्या मागच्या हातात सरावाची सुरी. ती दिसताच हात करून दाखवा.

तपासणी: तिसऱ्या सरावात दहापैकी आठ वेळा सुरी तीन पावलं बाहेर असतानाच दिसली पाहिजे. नाहीतर पुढे जाऊ नका.

टप्पा 2: अंतर आणि तोंड

अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीचे पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्युलर यांनी 1983 साली एक साधी मोजणी मांडली. सुरी घेतलेला माणूस 21 फूट, म्हणजे साधारण साडेसहा मीटर अंतर दीड सेकंदात कापतो. यातून अर्धवट शिकलेले लोक "21 फुटांबाहेर असलो की सुरक्षित" असा नियम काढतात. मोजणीचा अर्थ उलट आहे: आठ-नऊ पावलांवरचा माणूस तुम्ही विचार पूर्ण करण्याआधी अंगावर येऊ शकतो. रस्त्यावर मात्र तो बहुतेकदा हात पोचेल इतक्या जवळ येऊन बोलायला लागतो आणि सुरी शेवटच्या क्षणी बाहेर काढतो. त्या अंतरावर कसलंच कौशल्य पुरत नाही.

जमिनीवर 21 फुटांवर खडूने रेघ मारा. रेघेवरचा माणूस कधीही धावेल. तो हलला की तुम्ही वळून मध्ये लावलेल्या स्कूटरच्या पलीकडे जायचं. पहिल्या वेळी जवळजवळ सगळे जागीच उभे राहतात. तेच समजण्यासाठी हा सराव आहे.

दुसरा भाग तोंडाचा. अनोळखी माणूस जवळ येतो तेव्हा दोन्ही पंजे छातीच्या उंचीवर, उघडे, बोलताना सहज असतात तसे ठेवा आणि मोठ्याने म्हणा, "दादा, तिथूनच बोला." शिवी नको, आव्हान नको. उत्तराची वाट न बघता दोन पावलं तिरकं मागे जा. सरळ मागे गेलात तर अडखळून पडाल.

ओरडण्याचे शब्द आधीच ठरवून ठेवा. आपल्या भागात "चाकू" हा शब्द मराठीत, कन्नडमध्ये, उर्दूत सगळ्यांना कळतो, तोच वापरा. "वाचवा, वाचवा" ऐकून लोक घरातलं भांडण समजून खिडकी लावतात. "चाकू! चाकू!" ऐकून खिडकी उघडतात. कन्नड वस्तीत असाल तर "चाकू ऐती, बर्री!" म्हणजे चाकू आहे, या. "पोलीसरिगे फोन माडरी!" हेही पाठ असू द्या. आमच्या येळ्ळूरकडच्या बायका हे दोन वाक्य ओरडून ओरडून इतक्या तयार झाल्या, की शेजारच्यांनी एकदा खरंच फोन लावला.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगतो. सगळ्या सुऱ्या चोरांच्या हातात नसतात. गाडी लावण्यावरून, दारूच्या बैठकीत, विसर्जन मिरवणुकीत "काय बघायलास बे?" एवढ्यावरून सुरू झालेलं भांडण, किंवा बसमध्ये भाषेवरून पेटलेली वादावादी. इथे समोरच्याला पैसे नको असतात, मान हवा असतो. "चुकलं माझं" म्हणून निघून जाणं हा या टप्प्याचाच सराव आहे आणि तो खऱ्या आवाजात म्हणून करावा लागतो. तरुण पोरांना पकडीपेक्षा हेच जड जातं.

टप्पा 3: देऊन टाका

समोरचा वस्तू मागतो आहे की तुम्हालाच इजा करायला आला आहे, हा फरक ओळखायला शिका. मागणारा बोलतो, घाई करतो, सुरी दाखवतो. मारायला आलेला सहसा सुरी दाखवत बसत नाही.

मागणारा असेल तर द्या, आणि ते कसं द्यायचं त्याचा सराव करा:

1. हात आहेत तिथेच ठेवून आधी सांगा: "पाकीट मागच्या खिशात आहे, काढतो."
2. सावकाश काढा. झटक्याने खिशाकडे गेलेला हात त्याला हत्यार वाटतो.
3. हात लांब करून द्या किंवा जमिनीवर ठेवून मागे व्हा. डोळे त्याच्या सुरीच्या हातावर.
4. तो वाकला किंवा वळला की तुम्ही उलट दिशेला निघा. गाडीचा नंबर दिसला तर ठीक, नंबरासाठी थांबू नका.

मंगळसूत्राची गोष्ट वेगळी आहे आणि ती घरात आधीच बोलून ठेवावी लागते. दागिना खेचला की हात आपोआप तो घट्ट धरतो. दुचाकीवरच्या चोराने खेचलेला दागिना धरून ठेवला तर बाई फरफटत जाते. सासू, नवरा, आई यांनी एकदा तोंडाने म्हणायला हवं: "गेलं तर जाऊ दे, तू घरी ये." ते ऐकल्याशिवाय हात सुटत नाही, हे मी सरावात दोरीची माळ घालून अनेकदा पाहिलं आहे.

इशारा: वस्तू दिल्यावरही "गाडीत बस", "तिकडे चल" म्हणत असेल तर जाऊ नका. दुसरी जागा त्याने निवडलेली असते. ओरडा, पडा, पळा, पण तिथूनच.

टप्पा 4: आडोसा आणि पळ

हाताला येईल ते तुमच्या आणि सुरीच्या मध्ये आणा. लावलेली दुचाकी, हातगाडी, दुकानापुढची प्लास्टिकची खुर्ची. खुर्चीचे चारही पाय त्याच्याकडे करून छातीच्या उंचीवर धरा, ढकला आणि मागे सरा. हेल्मेट हातात असेल तर पट्ट्याने फिरवू नका, दोन्ही हातांनी ढालीसारखं पुढे धरा. खानापूर-जांबोटीकडे पावसाळाभर छत्री हातात असतेच. ती मिटलेलीच ठेवा, दोन्ही हातांनी भाल्यासारखी धरा आणि टोक त्याच्या छातीकडे रोखा. खांद्यावरची बॅग पोटासमोर आणा.

पळताना उजेडाकडे आणि माणसांकडे. रिकामा बोळ जवळचा वाटतो, पण तो पुढे बंद असेल तर संपलं. चप्पल आधी काढून टाका. सरावात पन्नास मीटर पळा आणि धापा टाकत असतानाच 112 ला फोन लावल्यासारखं बोला. दम लागल्यावर पत्ता सांगता येत नाही, हे तिथेच कळू द्या.

पेपर स्प्रे ठेवत असाल तर तो पिशवीच्या तळाशी नको. एकदा मोकळ्या मैदानात वाऱ्याची दिशा बघून वापरून पाहा, आणि मारल्यावर उभं राहायचं नाही, निघायचं.

टप्पा 5: नाइलाजाची पकड

पाठीमागे भिंत आहे, मूल बरोबर आहे, पळता येत नाही. फक्त तेव्हा.

आधी हल्ला कसा येतो ते समजून घ्या, कारण चूक इथूनच सुरू होते. खरा हल्लेखोर मोकळ्या हाताने तुमची कॉलर, केस किंवा दंड धरतो आणि दुसऱ्या हाताने कमरेच्या उंचीवरून शिलाई मशीनच्या सुईसारखे आखूड, भराभर वार करतो. हात लगेच मागे जातो. हवेत थांबलेला हात खऱ्या प्रसंगात मिळत नाही. सुरी लागलेली अनेक माणसं सांगतात की आपल्याला बुक्की बसली असंच वाटलं. रक्त नंतर दिसलं.

म्हणून उद्देश एकच: वार करणारा हात हलायचा थांबवणं, आणि तो थांबला की ढकलून निघणं.

1. हनुवटी छातीला, खांदे वर, कोपरं बरगड्यांजवळ. गळा आणि पोट झाकलं जातं. पुढे येतील ते हातांचे बाहेरचे, हाडाकडचे भाग. आतल्या बाजूच्या रक्तवाहिन्या आत राहू द्या.
2. मागे झुकू नका. मागे झुकलं की त्याच्या हाताला जोर घ्यायला जागा मिळते. आडवा हात त्याच्या दंडावर आदळत आत शिरा.
3. दोन्ही हात त्याच्या एका हातावर. एक मनगटाजवळ, एक कोपराच्या वर. तो हात आपल्या छातीशी दाबून धरा. मूठ वळवायला जागा देऊ नका.
4. डोकं त्याच्या त्याच खांद्याला टेकवा आणि पायांच्या जोरावर त्याला भिंतीकडे किंवा गाडीकडे ढकलत न्या. तोंडाने "चाकू!" चालूच.
5. त्याचा तोल गेला, तो पडला किंवा भिंतीवर आपटला की जोरात ढकलून सुटा आणि पळा. पडलेल्या माणसाला मारत बसू नका.

वेग तीन पायऱ्यांनी वाढवा. पहिल्या रविवारी चालण्याच्या गतीने, दुसऱ्या रविवारी निम्म्या जोराने, आणि शेवटच्या पंधरा मिनिटांतच स्केचपेन आणि पांढरे बनियन. हल्ला करणाऱ्याने स्केचपेन सुरीसारखं धरायचं आणि हात कधीच हवेत थांबवायचा नाही.

मी स्वतः एका वर्गात काही वर्षं मनगट पकडायचे डाव शिकलो होतो. पहिल्यांदा पांढऱ्या बनियनवर हा सराव केला तेव्हा वीस सेकंदांत अंगावर अकरा लाल रेघा उठल्या, त्यातल्या दोन मानेवर. घरी आल्यावर आईने बनियन धुवायला घेतलं आणि विचारलं, "हे काय?" मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून मनगटाचे डाव मी शिकवत नाही.

आपल्या भागात बरेच जण तालमीतून आलेले असतात, म्हणून हे खास सांगतो. खडाखडीचा सराव इथे खूप उपयोगी पडतो. हात पकडणं, सोडवणं, पुन्हा पकडणं हे अंगात मुरलेलं असतं. पण पट काढायची सवय घातक आहे. पायांसाठी वाकलात की मान आणि पाठ सुरीखाली जाते आणि सुरीचा हात मोकळा राहतो. चांगल्या मल्लाकडून पहिल्या दिवशी हीच चूक होते, कारण त्याचं शरीर विचार न करता वाकतं. त्याला पट विसरायला दोन रविवार लागतात. लाठी किंवा मर्दानी खेळ शिकलेल्यांची पावलं छान पडतात, पण ते हातभर अंतर गृहीत धरतात. अडगळीच्या जिन्यात तसं अंतर मिळत नाही.

नेहमीच्या चुका:

- दोन्ही हातांची फुली करून वार अडवणं. पहिला वार अडतो, दुसरा खालून येतो.
- उंच लाथ. एका पायावर उभा माणूस पहिल्या धक्क्यात पडतो.
- पातं हाताने धरणं. जीव वाचवताना ते घडलं तर घडलं, पण तो डाव म्हणून शिकवू नका.
- सुटल्यावर सुरी उचलणं. आता हत्यार तुमच्या हातात आहे, आणि धावत येणाऱ्या लोकांना, पोलिसांनाही तुम्हीच हल्लेखोर दिसता.
- दुसरा साथीदार विसरणं. दुचाकीवरून दोघं आलेले असतात. एकाला दाबून धरून बसाल तर दुसरा मागून येईल.

पडलात तर पाय त्याच्याकडे ठेवा, पाठीवर फिरत राहा, बुटांचे तळवे पुढे.

तपासणी: प्रत्येक फेरीनंतर रेघा मोजा, पण नुसती संख्या लिहू नका, जागा लिहा. हाताच्या बाहेरच्या बाजूला चार चालतील. मान, काख, जांघ किंवा पोटावर एक जरी उठली तरी ती फेरी हरलेली समजा. सगळ्या फेऱ्या जिंकणारा कोणी मला अजून भेटलेला नाही. पहिल्या चार टप्प्यांना इतका वेळ का दिला, हे या दिवशी सगळ्यांना पटतं.

टप्पा 6: रक्त थांबवा

हा रविवार चुकवायला लोक कारणं शोधतात. मी मात्र आठापैकी एकच रविवार ठेवायचा झाला तर हाच ठेवेन. मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त असतं. मांडीची मुख्य रक्तवाहिनी तुटली तर काही मिनिटांतच जीव जाऊ शकतो. रुग्णवाहिका कितीही वेगाने आली तरी ती मिनिटं जवळच्या माणसाच्या हातात असतात.

आधी तपासा. सुरक्षित जागी पोचल्यावर स्वतःचा हात कपड्यांच्या आतून मानेपासून जांघेपर्यंत फिरवा. काखा, पाठ, कंबर, मांड्यांची आतली बाजू. दर वेळी हात बाहेर काढून बघा. काळ्या कपड्यांवर रक्त दिसत नाही, हाताला लागतं.

मग दाबा. स्वच्छ पंचा, ओढणी, टॉवेल, काहीच नसेल तर उघडा तळवा. जखमेवर दोन्ही हातांनी, कोपर सरळ ठेवून अंगाचा भार द्या. कापड भिजलं तर त्यावर दुसरं ठेवा. "थांबलं का बघू" म्हणून उचलू नका, ही सगळ्यात जास्त होणारी चूक. दहा मिनिटं न उचलता दाबणं किती अवघड असतं, ते सरावात घड्याळ लावून पाहा.

काख किंवा जांघेत खोल जखम असेल तर तिथे आवळपट्टी, म्हणजे टूर्निकेट, बांधता येत नाही. कापडाची पट्टी बोटाने जखमेत रक्त येतं त्या जागेपर्यंत भरत जा, भरल्यावर वरून दाबा.

हात किंवा पायातून रक्त उसळत असेल आणि दाबून थांबत नसेल तर आवळपट्टी.

1. पट्टी चार-पाच सेंटीमीटर रुंद हवी. दोरी, वायर, बुटाची लेस नको, ती मांस कापते आणि रक्त थांबवत नाही.
2. जखमेच्या पाच ते सात सेंटीमीटर वर, हृदयाच्या बाजूला बांधा. कोपर किंवा गुडघ्यावर नको.
3. गाठीत लाटणं किंवा पाना अडकवून पिळा, रक्त थांबेपर्यंत. खूप दुखतं. दुखतं म्हणून सैल करू नका.
4. काठी दुसऱ्या पट्टीने जागेवर बांधा. किती वाजता बांधली ते त्याच्या कपाळावर किंवा हातावर पेनने लिहा.
5. ती डॉक्टरच सोडतील. मध्ये सैल करून "रक्त फिरू द्या" हा सल्ला चुकीचा आहे. शक्यतो दोन तासांच्या आत दवाखाना गाठा.

सरावात पट्टी पूर्ण पिळू नका, बांधायची जागा आणि हातांचा क्रम एवढंच घोटा.

छातीत लागलं असेल तर शुद्धीवर असलेल्याला टेकून बसवा. जखम प्लास्टिक लावून हवाबंद करू नका. रक्त वाहत असेल तर साधं कापड धरा. पोटातून आतडं बाहेर आलं असेल तर आत ढकलू नका, स्वच्छ ओल्या कापडाने झाका. सुरी अंगात रुतलेली असेल तर काढू नका. आजूबाजूला कापड रचून ती हलणार नाही असं करा.

हळद, चहाची पूड, कॉफी, टूथपेस्ट, राख यातलं काहीही जखमेत भरू नका. पाणी, सरबत, चहा पाजू नका. त्याला भूल द्यावी लागू शकते. अंगावर चादर टाका, बोलत राहा.

रुग्णवाहिकेसाठी 108. खानापूरच्या पलीकडे कणकुंबी, लोंढ्याच्या बाजूला गाडी यायला वेळ लागणारच. तिथे फोन लावताना दुसऱ्याने रक्त दाबूनच ठेवायचं, किंवा ओळखीची जीप काढून रुग्णवाहिकेला वाटेत गाठायचं. शहरात बिम्सचं जिल्हा रुग्णालय किंवा केएलई, जे जवळ असेल ते. लहान जखम असली तरी धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. सुरीची जखम वरून छोटी आणि आतून खोल असू शकते, म्हणून टाके नको असले तरी डॉक्टरांना दाखवाच.

टप्पा 7: पोलीस, कागद, कायदा

112 ला पहिल्याच वाक्यात जागा सांगा: गाव, तालुका, जिल्हा, राज्य. सीमेवरच्या गावांत मोबाईल शेजारच्या राज्याच्या टॉवरला लागू शकतो. निपाणी-कोगनोळीकडून फोन करताना "कर्नाटक, बेळगाव जिल्हा" हे शब्द आधी म्हणा. मग "चाकूने हल्ला, एक जखमी", मग बाकीचं.

तक्रारीसाठी हद्द कुणाची यावर अडून बसू नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार गुन्हा कुठेही घडला तरी कोणत्याही ठाण्यात माहिती नोंदवता येते. म्हणजे महाराष्ट्रातल्या चंदगडचा माणूस बेळगावात लुटला गेला आणि घरी पोचला, तर तो तिथेही नोंदवू शकतो. तोंडी दिलेली माहिती लिहून घेऊन वाचून दाखवणं त्याच कलमात आहे, आणि प्रत मोफत मिळते. जबाब कन्नडमध्ये लिहिला जातो आणि आपल्यापैकी अनेकांना तो वाचता येत नाही. न वाचता सही करू नका. शांतपणे म्हणा, "साहेब, एकदा वाचून सांगा." कन्नड येणारा ओळखीचा माणूस बरोबर न्या. वेळ, हत्यार आणि जखमेची जागा बरोबर लिहिली आहे का, तेवढं तरी ऐकून घ्या.

दवाखान्यात "पडलो" असं सांगू नका. सुरीची जखम आहे हे सांगितलं तर डॉक्टर पोलीस प्रकरण म्हणून नोंद करतात, आणि ती नोंद पुढे पुरावा ठरते. रक्ताचे कपडे धुऊ नका. वाळवून कागदी पिशवीत ठेवा, प्लास्टिकमध्ये नको.

स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम 34 ते 44 मध्ये आहे, आणि ही संहिता 1 जुलै 2024 पासून लागू आहे. जिवाची किंवा गंभीर इजेची खरी भीती असेल तर हा हक्क मोठा आहे. पण कलम 37 सांगतं की बचावाला लागते त्याहून जास्त इजा करता येत नाही, आणि कलम 40 प्रमाणे धोका असेपर्यंतच हक्क टिकतो. पळून जाणाऱ्याला गाठून मारलं तर तुम्ही आरोपी. "मीही सुरी ठेवतो" म्हणणाऱ्या मुलांना मी ठामपणे नाही म्हणतो. नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं शस्त्र नियमांच्या यादीत येतात, ही एक बाजू. दुसरी बाजू अशी की खिशात सुरी असलेला मुलगा भांडणातून मागे फिरत नाही, आणि ज्या भांडणातून तो सहज निघून गेला असता तिथेच उभा राहतो.

नंतरचे दिवस

पहिले काही आठवडे झोप न लागणं, मागून गाडी आली की दचकणं, तोच रस्ता टाळणं हे होतं. घरच्यांनी "तू असं करायला पाहिजे होतंस" म्हणू नये. महिनाभरानंतरही कमी झालं नाही तर 14416 या टेलि-मानस क्रमांकावर फोन करा, मराठीतही बोलता येतं. सरावाला परत यायचं असेल तर थेट पकडीवर उडी नको. टप्पा 1 पासून, त्याच रस्त्यावर, दिवसाउजेडी, बरोबर कोणाला तरी घेऊन चालायला सुरुवात करा.